कोचीला ५३८ कोटी, मुंबई चॅम्प्सला शून्य: क्रिकेटचा संघ 'मरतो' म्हणजे नेमकं काय होतं?

जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि गोव्यात डिचोलीला आमच्या सकाळच्या भाजी-पावाच्या टेबलावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आयपीएलमधून २०११ साली काढून टाकलेल्या कोची टस्कर्स केरळ संघाच्या मालकांना बीसीसीआयने ५३८ कोटी रुपये द्यावेत, हे लवादाचे निवाडे न्यायालयाने कायम ठेवले. संघ खेळला किती? एकच हंगाम. १४ सामने, त्यात ६ विजय, १० संघांत आठवा क्रमांक.

"मग त्या मुंबई चॅम्प्सला किती मिळाले?" टेबलावरच्या एका म्हाताऱ्या क्रिकेटवेड्याने विचारलं.

माझा भाचा अकरावीत आहे. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मुंबई चॅम्प्स म्हणजे मुंबई इंडियन्सचं जुनं नाव ना, मामा?"

नाही. दोघांचा काडीचाही संबंध नाही. मुंबई चॅम्प्सला एक रुपयाही मिळाला नाही आणि कोणाकडे मागायची सोयही नव्हती. दोन्ही संघ बंद पडले, दोघांकडे मोठे खेळाडू होते, दोघांचे कपडे रंगीत होते. तरी एकाच्या मागे कोर्टकचेरी चालली आणि दुसऱ्याचं नावही पोरांना ठाऊक नाही. हे असं का, ते सांगतो.

हा संघ होता तरी कोणाचा?

एप्रिल २००७ मध्ये सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने, म्हणजे झी टीव्हीवाल्यांनी, इंडियन क्रिकेट लीग जाहीर केली. आयसीएल. मुंबई चॅम्प्स हा तिच्यातल्या पहिल्या सहा संघांपैकी एक. बाकीचे चेन्नई सुपरस्टार्स, चंदीगड लायन्स, हैदराबाद हीरोज, कोलकाता आणि दिल्ली. पुढे अहमदाबाद रॉकेट्स, लाहोर बादशाह्ज आणि ढाका वॉरियर्स आले आणि संघ नऊ झाले.

मुंबई चॅम्प्सचा पहिला कर्णधार ब्रायन लारा. प्रशिक्षक संदीप पाटील. लीगच्या मंडळावर कपिल देव, किरण मोरे, टोनी ग्रेग, डीन जोन्स. नावं ऐकून वाटेल, असली लीग कशी बुडेल? पण २००७च्या नोव्हेंबरअखेर सुरू झालेली ही लीग २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर थांबली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. जेमतेम एक वर्ष.

झीला लीग काढायची गरज का पडली, हेही बघायला हवं. भारताच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क मिळवायचा त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. २००४च्या निविदेचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००६ मध्ये हक्क गेले निंबस कंपनीकडे, ६१ कोटी २० लाख डॉलरना. स्पोर्ट्स चॅनेल घरचं आणि दाखवायला क्रिकेट नाही. चूल पेटलेली, पातेल्यात तांदूळ नाहीत. म्हणून त्यांनी शेतच घ्यायचं ठरवलं.

आमच्या वाड्यावरची दुसरी टुर्नामेंट

शेतावरून आठवलं. आमच्या वाड्यावर दरवर्षी टेनिस बॉलची टुर्नामेंट होते आणि स्कोअर मी लिहितो. शाळकरी दोनशे पानी वही, निळ्या पेनाने धावा, लाल पेनाने विकेट. एके वर्षी कमिटीत फूट पडली. बाजूला झालेल्या गटाला एक पैसेवाला पाठीराखा मिळाला. त्यांनी आमच्या दुप्पट बक्षीस लावलं, वर उपविजेत्याला बोकड. आमचे चार चांगले खेळाडू तिकडे गेले. आमच्या कमिटीने ठराव केला, 'तिकडे खेळणाऱ्याला इकडे बंदी.' तो ठराव मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. आज वाचताना लाज वाटते.

पण मैदान देवस्थानचं आणि देवस्थानशी बोलणी आमच्या कमिटीची. मग ते खेळले कापणी झालेल्या शेतात. पिचवर भाताचे खुंट, चेंडू कुठेही उडायचा. आणि वायंगणची, म्हणजे दुसऱ्या भातपिकाची, लावणी जवळ आली तशी शेतवाल्यांनी पाणी सोडलं. उपांत्य फेरी घोटाभर चिखलात. पुढच्या वर्षी पाठीराख्याचा उत्साह ओसरला आणि टुर्नामेंट संपली.

आयसीएल म्हणजे हीच गोष्ट, फक्त बोकडाच्या जागी दहा लाख डॉलर.

'मान्यता' हा शब्द नीट समजून घेऊ

या सगळ्या भानगडीत एकच तांत्रिक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे मान्यता. जगभरचं क्रिकेट एका उतरंडीवर चालतं. सर्वांत वर आयसीसी. तिच्याखाली एका देशाचं एकच मंडळ, आपल्याकडे बीसीसीआय. त्याखाली राज्य संघटना, आपल्याकडे पर्वरीची गोवा क्रिकेट असोसिएशन. तिच्याखाली क्लब. वरच्याने खालच्याला 'तुमचा सामना आम्ही सामना म्हणून धरतो' असं म्हणणं म्हणजे मान्यता.

मान्यता नसलेला सामना खेळणं हा गुन्हा नाही, पोलीस पकडत नाहीत. मात्र त्या सामन्यातल्या धावा अधिकृत नोंदीत जात नाहीत, संघटनेची मैदानं आणि पंच मिळत नाहीत, आणि तिथे खेळलेल्या खेळाडूला उतरंडीतली कुठलीही पायरी दार बंद करू शकते. दुकान थाटायला तुम्ही मोकळे आहात. फक्त बाजार, रस्ता आणि वजनमापं दुसऱ्याच्या ताब्यात आहेत.

मुंबईचा संघ मुंबईत कधी खेळलाच नाही

पहिला अख्खा हंगाम हरियाणात, पंचकुलाच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर झाला. पुढे हैदराबादचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम, अहमदाबाद, गुरगाव. वानखेडे, ब्रेबॉर्न, ईडन, चेपॉक यांतलं एकही नाही. नाव मुंबई आणि मुंबईत एकही सामना नाही, अशी या संघाची अवस्था.

कारण साधं आहे. मोठी मैदानं बहुतेक राज्य संघटनांच्या किंवा त्यांच्याशी बांधलेल्या क्लबांच्या ताब्यात. उरली सरकारी. आपल्या गोव्यातच बघा, पर्वरीचं मैदान क्रिकेट असोसिएशनचं, तर फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम सरकारी, क्रीडा प्राधिकरणाकडचं. १९८९ पासून तिथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले, पण असोसिएशनच्या हातून. आयसीएलला जिथे जागा मिळाली ती दुसऱ्या प्रकारातली. त्या वेळचे रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेची मैदानंही देऊ केली होती. राजकारण्यांना अशा भांडणात भारी रस असतो.

मैदान नसलं की संघाला गाव नसतं. गाव नसलं की प्रेक्षक टीव्हीपुरता. मुंबई चॅम्प्ससाठी घसा फोडणारा दादर-परळचा पोरगा पंचकुलाला कशाला जाईल?

विष्णूही आपला, संकासुरही आपला

ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गाठ आहे आणि तीच लोकांच्या लक्षात येत नाही.

पेडणे महालात दशावतार पाहिलेल्याला पटकन कळेल. रात्री रंगमंचावर विष्णू आणि संकासुर एकमेकांवर तुटून पडतात. पहाटे दोघेही एकाच मंडळीच्या मालकाकडून पैसे घेतात आणि एकाच गाडीतून पुढच्या जत्रेला जातात. त्यात वावगं काही नाही, ते नाटकच आहे. आयसीएलचे नऊच्या नऊ संघ असेच होते. मालक एक. खेळाडूंचे करार त्याच एका कंपनीशी. चॅनेलही त्याच समूहाचं. मुंबई चॅम्प्स ही काही स्वतंत्र संस्था नव्हती, एका कंपनीच्या एका खात्याला दिलेलं ते नाव होतं.

आता आयपीएल बघा. जानेवारी २००८ मध्ये आठ संघ आठ वेगवेगळ्या मालकांना मिळून सुमारे ७२ कोटी ३६ लाख डॉलरना विकले गेले. याला फ्रँचायझी म्हणतात: लीग कोणा एकाची, पण संघ चालवायचा हक्क करार करून, पैसे मोजून दुसऱ्याने घेतलेला. एक मालक कंटाळला तर दुसरा सापडतो. एकाचं दिवाळं निघालं तर बाकीचे सात खेळत राहतात. आयसीएलमध्ये एका घरचा नळ बंद झाला आणि नऊही माठ एकाच दिवशी कोरडे पडले. परदेशी खेळाडूंनी मानधन थकल्याच्या तक्रारी जाहीरपणे केल्या, त्याचं मूळ इथेच.

पण पॅकरने हेच केलं, त्याला कसं जमलं?

हा प्रश्न आमच्या टेबलावरही आला. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केरी पॅकरने याच कारणासाठी, म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क मिळेनात म्हणून, वर्ल्ड सिरीज क्रिकेट काढलं. त्याच्यासाठी खेळाडू गोळा करणारा टोनी ग्रेग. तोच ग्रेग तीस वर्षांनी आयसीएलच्या मंडळावर. या माणसाची हौस दांडगी म्हणायची.

पॅकरने ऐन भरातले खेळाडू उचलले. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजचे जवळजवळ पूर्ण संघच. त्यामुळे अधिकृत कसोटी पोरकी दिसू लागली. आयसीएलला मिळाले निवृत्त झालेले, निवड समितीला नकोसे झालेले, किंवा अजून कोणी पाहिलेच नव्हते असे तरुण. तेंडुलकर, धोनी, द्रविड मंडळाकडेच राहिले. आणि एक गोष्ट विसरली जाते. पॅकरची लीगही दोन हंगामांत बंदच झाली! १९७९ मध्ये त्याला हक्क मिळाले, त्याने दुकान मिटलं. त्याला लीग चालवायची नव्हती, दार ठोठवायचं होतं.

आयसीएलचं दार ठोठावणंही ऐकू गेलं, पण फायदा दुसऱ्याचा झाला. मंडळाने देशांतर्गत स्पर्धांची बक्षिसं वाढवली, सप्टेंबर २००७ मध्ये आयपीएलची घोषणा केली आणि १८ एप्रिल २००८ ला ती सुरूही केली. आयपीएलची कल्पना आयसीएलमुळेच सुचली असं मी म्हणणार नाही. पण घाई आयसीएलमुळे झाली, असं माझं मत आहे.

खेळाडूंचं काय झालं?

तिकडे गेलेल्यांवर बंदी आली. कपिल देव यांना ऑगस्ट २००७ मध्ये राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून हटवलं. ढाका वॉरियर्समध्ये गेलेल्या बांगलादेशी खेळाडूंवर त्यांच्या मंडळाने दहा वर्षांची बंदी घातली. न्यूझीलंडचा शेन बाँड दिल्लीकडे गेला आणि देशाच्या संघातून बाहेर पडला. परतला तेव्हा नोव्हेंबर २००९ मध्ये ड्युनेडिनला पाकिस्तानविरुद्ध कसोटीत ८ बळी घेतले आणि शरीर साथ देईना म्हणून कसोटी क्रिकेटच सोडलं. वेगवान गोलंदाजाची दीड-दोन वर्षं परत मिळत नाहीत.

२००९ मध्ये बीसीसीआयने माफी जाहीर केली: आयसीएल सोडा, परत या. जूनमध्ये ७९ जणांना माफी मिळाली. हैदराबाद हीरोजचा अंबाती रायुडू परतला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. त्याच संघातल्या स्टुअर्ट बिन्नीने २०१४ मध्ये मिरपूरला बांगलादेशविरुद्ध ४ धावांत ६ बळी घेतले. संदीप पाटील तर २०१२ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. कपिल देव यांचं आणि मंडळाचं मनोमिलनही त्याच वर्षी झालं.

ही मोठ्या नावांची गोष्ट झाली. ज्याचं वय तेव्हा तिशीच्या पुढे होतं आणि ज्याला रणजी संघात जेमतेम जागा होती, तो माफी मिळूनही कुठे परतणार? त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली.

मान्यता नसण्याचा आणखी एक तोटा फार उशिरा उघडा पडला. आयसीसीचं भ्रष्टाचारविरोधी पथक मान्यता नसलेल्या सामन्यांवर नजर ठेवत नाही. चंदीगड लायन्सकडून खेळलेल्या लू व्हिन्सेंटने २०१५ मध्ये लंडनच्या न्यायालयात साक्ष देताना आपण आयसीएलमध्ये फिक्सिंग केल्याचं सांगितलं. त्या खटल्यात आरोपी असलेला त्याचा कर्णधार ख्रिस केर्न्स मात्र निर्दोष सुटला.

ही मंडळाची दादागिरी नाही का?

आहे. गोलमोल बोलण्यात अर्थ नाही. १९७७ मध्ये पॅकर प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाने म्हटलं होतं, की खेळाडूंवर अशी बंदी घालणं म्हणजे त्यांच्या पोटावर अवाजवी पाय देणं. आपल्याकडे झीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की बीसीसीआय ही घटनेच्या कलम १२ खाली 'राज्य' नाही. म्हणजे ती सरकारचा भाग नाही, त्यामुळे मूलभूत हक्कांचा दावा तिच्यावर थेट लावता येत नाही. पुढे भारतीय स्पर्धा आयोगाने आयपीएलच्या प्रक्षेपण करारातल्या एका कलमावर बोट ठेवलं. त्यात मंडळाने दुसऱ्या कुठल्या स्पर्धक लीगला मान्यता देणार नाही असं कबूल केलं होतं. आयोगाने २०१३ मध्ये ५२ कोटी २४ लाखांचा दंड ठोठावला. तो अपिलात रद्द झाला आणि २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच पुन्हा लावला.

तोवर मुंबई चॅम्प्सचे टी-शर्टही कुणाच्या घरी गाडी पुसायला गेले असतील.

मग कोचीला पैसे कशाचे?

कोचीने २०१० मध्ये ३३ कोटी ३३ लाख डॉलरची बोली लावून मान्यताप्राप्त लीगमध्ये करार केला होता. वाद झाला बँक गॅरंटीवरून, म्हणजे 'आम्ही पैसे बुडवले तर बँक देईल' या हमीपत्रावरून. ते वेळेत आलं नाही म्हणून मंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये करार तोडला. लवादाने म्हटलं, तोडणं चुकीचं होतं. म्हणजे कोचीला मिळालेले पैसे क्रिकेटचे नाहीतच, मोडलेल्या कराराचे आहेत. तुमचं भाडेकरार असलेलं दुकान मालकाने मध्येच काढून घेतलं तर भरपाई मागता येते. स्वतःच्या अंगणात मांडलेला गाडा स्वतःच उचलला तर कोणाकडे मागणार?

करार असला की पैसे मिळतातच, असंही नाही. २००९ चे विजेते डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये असेच बाहेर गेले. २०२० मध्ये लवादाने त्यांच्या मालकांना ४,८०० कोटींच्या आसपास रक्कम देऊ केली आणि वर्षभरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. पण भांडायला निदान कागद तरी होता.

आपल्याला याचं काय?

गोव्याचा आयपीएलमध्ये संघ नाही. तरी २००८ मध्ये पर्वरीचा स्वप्नील अस्नोडकर राजस्थान रॉयल्सकडून ९ सामन्यांत ३११ धावा करून विजेत्या संघात होता, आणि वास्कोचा शादाब जकाती पुढे चेन्नईकडून खेळला. दोघेही गोव्याच्या रणजी संघातून, उतरंडीच्या पायऱ्या चढत गेले. त्यांनी २००७ मध्ये दुसऱ्या कागदावर सही केली असती तर?

फुटबॉलवाल्यांना मात्र मी हे सांगायला गेलो तर ते हसतात. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची फुटबॉल लीग, सोडली. आयएसएलला, म्हणजे नव्या इंडियन सुपर लीगला, वरची लीग करून आय-लीगला खालची पायरी देण्याचा बेत त्यांना मान्य नव्हता. यांच्याकडे मैदान होतं, गाव होतं, पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला धेंपोसारखा क्लब होता, मान्यताही होती. मान्यताच उठून दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं, पाव संपवला आणि विचारलं, "पूण मामा, ते रन खंय गेले?"

मी त्याला लाराचं पान काढायला सांगितलं. मुंबई चॅम्प्सचा कर्णधार म्हणून २००७ मध्ये पंचकुलाला ट्वेंटी-२० खेळलेला हा माणूस. अधिकृत नोंदीत त्याचे ट्वेंटी-२० सामने तीन. तिन्ही २०१० सालचे, झिंबाब्वेतल्या सदर्न रॉक्स नावाच्या संघाकडून. पहिल्यात ६५ धावा.

भाच्याने मोबाइल दोनदा वरखाली सरकवून पाहिला. मग मला म्हणाला, बोकडवाल्या टुर्नामेंटचा स्कोअर तुझ्या वहीत आहे का? नाही. ती वही दुसऱ्या गटाकडे होती.